जुन्या घरातील वीज-तारांची दुरुस्ती व तारतंत्र्याची निवड

नांगराचा फाळ झिजला की तो शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसतो. बैलगाडीचा आस कुरकुरू लागला की कानाला कळते. घराच्या भिंतीवरून गेलेली विजेची तार मात्र आतल्या आत जीर्ण होते, आणि ती शेवटच्या दिवसापर्यंत दिवा पेटवीत राहते. दिवा लागतो आहे, त्या अर्थी तारा ठीक आहेत, अशी समजूत त्यामुळे घरोघर रूढ झालेली आढळते. ही समजूत चुकीची असून तिच्यापायी घरे जळतात, जनावरे दगावतात व माणसेही प्राणास मुकतात. जुन्या तारांचे काम केव्हा व कसे करून घ्यावे, तसेच ते कोणाच्या हाती सोपवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपनगरांतील जुनी घरे

मुंबईच्या उपनगरांचे उदाहरण या बाबतीत उद्‍बोधक आहे. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ साली स्थापन झाली आणि साष्टी बेटावरील गावांतून हळूहळू वीज पोहोचू लागली. बृहन्मुंबईची हद्द १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत भातशेती, वाड्या व गोठे विपुल होते. आज सभोवार उंच इमारती उभ्या आहेत. तरीही जुनी गावठाणे, कोळीवाडे, चाळी, गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीतील गोठे व आदिवासी पाडे, तसेच गोराई-मनोरीकडील शेतकऱ्यांची कौलारू घरे अद्याप टिकून आहेत.

यांपैकी पुष्कळ घरांत पहिल्या पिढीने घातलेल्या तारा अजूनही वापरात आहेत. लाकडी पट्टीवर ठोकलेल्या रबरी आवरणाच्या तारा, लाकडी केसिंगमधून नेलेल्या तारा आणि तांब्याच्या टंचाईच्या काळात बसविलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा, असे तिन्ही प्रकार कधी कधी एकाच घरात पाहावयास मिळतात. जी स्थिती येथे, तीच थोड्याफार फरकाने कोकणातील व देशावरील जुन्या घरांची आहे. म्हणून या भागाचा अनुभव सर्वांस उपयोगी पडेल.

तारा निकामी का होतात?

पहिले कारण वयाचे. रबराचे आवरण कालांतराने कडक होते, त्याला भेगा पडतात व ते गळून जाते. लाकडी पट्टीस वाळवी लागते, उंदीर व घुशी आवरण कुरतडतात. समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेमुळे स्विच व होल्डरमधील धातूस गंज चढतो. पावसाळ्यात कौलांतून झिरपलेले पाणी पट्टीत मुरते व विजेस भिंतीत उतरण्याची वाट मिळते. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेशी पीळ देऊन जोडली असल्यास तो जोड सैल होतो, तापतो व काळा पडतो.

दुसरे कारण भाराचे. ज्या काळी तारा घातल्या, त्या काळी घरात साठ वॅटचे चार दिवे असत. २३० व्होल्ट दाबाने त्यांस सुमारे एक अँपिअर प्रवाह पुरे होई. आज त्याच घरात २००० वॅटचा गीझर, १५०० वॅटचे वातानुकूलन यंत्र, ७५० वॅटची इस्त्री व ५०० वॅटचा मिक्सर आहे. ही चारही एकाच वेळी चालली तर प्रवाह वीस अँपिअरच्या वर जातो. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, आणि वीसपट झाला तर तीच चारशेपट. एका वाफ्यासाठी काढलेल्या दांडातून साऱ्या मळ्याचे पाणी सोडले तर बांध फुटणारच. तारेचेही तसेच आहे. फरक एवढाच की बांध फुटलेला दिसतो, तापलेली तार दिसत नाही.

घरच्या घरी करावयाची पाहणी

पुढील लक्षणे कोणासही पाहता येतात. त्यासाठी कोणतेही झाकण उघडण्याची किंवा तारेस हात लावण्याची गरज नाही.

१. स्विच, प्लग अथवा बोर्ड हातास गरम लागणे. त्यावर तपकिरी डाग पडणे. जळक्या रबराचा वास येणे.
२. एक उपकरण सुरू करताच दिवे मंद होणे किंवा लुकलुकणे.
३. फ्यूज वारंवार जाणे.
४. पावसाळ्यात भिंत, नळ, लोखंडी कपाट किंवा फ्रिज यांस स्पर्श करताच मुंग्या आल्यासारखे वाटणे.
५. घरातील सॉकेट दोनच छिद्रांचे असणे, म्हणजेच अर्थची तार मुळातच नसणे.
६. स्विच बंद केल्यावरही एलईडी दिवा मंदपणे मिणमिणत राहणे. अशा वेळी स्विच फेजऐवजी न्यूट्रल तारेवर बसविला असल्याची शंका घ्यावी. तसे असल्यास स्विच बंद असूनही होल्डर जिवंत राहतो व दिवा बदलणाऱ्यास धक्का बसतो.
७. सर्व दिवे-पंखे बंद करून व सर्व प्लग काढून ठेवल्यानंतरही मीटरवरील लाल दिवा थांबून थांबून लुकलुकत राहणे. हे बहुधा गळतीचे चिन्ह होय.

यांपैकी चौथे लक्षण आढळल्यास एक दिवसही थांबू नये. मेन स्विच बंद करून तारतंत्र्यास बोलवावे. ‘आमच्या भिंतीला पावसाळ्यात थोडा करंट येतोच’ असे बोलणे पुष्कळ घरांत ऐकू येते. कोरड्या पायांनी जी मुंगी वाटते, तीच ओल्या पायांनी मृत्यू ठरू शकते.

फ्यूज कशाचे रक्षण करतो?

फ्यूज आपल्या जिवाचे रक्षण करतो, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः फ्यूज किंवा त्याच्या जागी आता बसविण्यात येणारा एमसीबी हा तारेचे रक्षण करतो. भार प्रमाणाबाहेर गेला किंवा दोन तारा एकमेकींस भिडल्या, तर तो वीज तोडतो. मनुष्याच्या शरीरातून ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही काळ वाहिला तर त्याच्या जिवास धोका उत्पन्न होतो. साठ वॅटच्या साध्या दिव्यातून सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह वाहत असतो. म्हणजे पाच अँपिअरचा फ्यूज शांत बसलेला असतानाच माणूस दगावू शकतो.

यासाठी आरसीसीबी हे साधन आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो किंवा नाही, हे ते सतत पाहत असते. हिशेबात ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढी वीज भिंतीतून अथवा कोणाच्या अंगातून जमिनीत उतरत आहे असे समजून ते निमिषार्धात वीज तोडते. मात्र त्याच्याही मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांस एकाच वेळी हात लागला तर ते वाचवू शकत नाही. भार जास्त झाल्यास तेही काम त्याचे नव्हे. म्हणून एमसीबी व आरसीसीबी दोन्ही हवेत. आरसीसीबीवर चाचणीचे बटन असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबताच वीज गेली नाही, तर ते साधन निकामी झाले असे समजून बदलून घ्यावे.

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणे, हा घरोघरी चालणारा सर्वांत घातक उपाय होय. असे केल्याने फ्यूजऐवजी भिंतीतील तार जळते.

अर्थिंगचे महत्त्व

उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरलीच, तर तिला माणसाच्या शरीराऐवजी जमिनीत जाण्यासाठी सोपी वाट करून देणे, हा अर्थिंगचा उद्देश आहे. ही वाट चांगली असावी लागते. समजा, अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. २३० व्होल्टला ५० ने भागले तर ४.६ अँपिअर येतात. पाच अँपिअरचा फ्यूज एवढ्याने जाणार नाही आणि उपकरण जिवंतच राहील. पण त्याच घरात आरसीसीबी असेल तर ते तत्काळ वीज तोडील. यावरून अर्थिंग व आरसीसीबी ही एकमेकांस पूरक आहेत, हे स्पष्ट होते.

अर्थिंगसाठी जस्ताचा मुलामा दिलेला नळ किंवा पत्रा जमिनीत ओल टिकेल अशा खोलीवर पुरावा व त्याभोवती कोळसा आणि मीठ घालावे. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतीत जावे. पाण्याच्या नळास अर्थची तार बांधण्याची जुनी पद्धत मुळीच अवलंबू नये. आता पुष्कळ ठिकाणी मध्येच प्लॅस्टिकचा नळ जोडलेला असतो. त्यामुळे वीज जमिनीत न जाता शेजाऱ्याच्या न्हाणीघरापर्यंत पोहोचू शकते. सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थ एकत्र जोडणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

दुरुस्तीचा क्रम

संपूर्ण घराचे तारकाम एकदम नवे करणे सर्वांत उत्तम. परंतु प्रत्येक कुटुंबास तो खर्च एकरकमी झेपेलच असे नाही. अशा वेळी पुढील क्रम ठेवावा.

प्रथम नवे अर्थिंग, दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच आणि आरसीसीबी बसवावे. जुन्या तारांतून गळती असल्यास आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडेल. ते काढून टाकू नये. ते दोष दाखवीत आहे. दुसऱ्या टप्प्यात ओलाव्याच्या जागा, म्हणजे न्हाणीघर, स्वयंपाकघर, पाण्याचा पंप व गोठा, यांच्या तारा बदलाव्यात. तिसऱ्या टप्प्यात गीझर व वातानुकूलन यंत्र यांसाठी मेनपासून स्वतंत्र तार न्यावी. शेवटी दिवे व पंखे यांच्या तारा घ्याव्यात.

दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट नसावेत व त्यांचा एकूण भार ८०० वॅटच्या आत असावा. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, सोळा अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटर आणि मोठ्या यंत्रांसाठी ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार सर्वसाधारणपणे वापरतात. तारेवर आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा व अर्थला हिरवा रंग ठेवावा, म्हणजे पुढे दुरुस्ती करणाऱ्याची फसगत होत नाही. सर्व तारा नळीतून न्याव्यात आणि जोड केवळ पेटीतच असावेत. जुन्या ॲल्युमिनियम तारेस नव्या तांब्याच्या तारेचे ठिगळ लावू नये.

भार वाढत असल्यास वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा. पश्चिम उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी व टाटा पॉवर या कंपन्या, तर मुलुंड-भांडुपकडे महावितरण कंपनी प्रामुख्याने वीज पुरविते. मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची व मीटरनंतरच्या तारांची जबाबदारी घरमालकाची असते. मीटरचे सील कोणीही तोडू नये. तो कायद्याने गुन्हा आहे.

गोठ्यातील वीज

गुरांना विजेचा धोका माणसापेक्षा अधिक असतो. म्हशीचे चारही पाय ओल्या जमिनीवर असतात, पायांत कोणतेही पादत्राण नसते, आणि पुढच्या व मागच्या पायांत बरेच अंतर असल्याने जमिनीत उतरलेल्या विजेचा दाब तिच्या शरीरावर अधिक पडतो. म्हशी हौदाशी येऊन पाण्यास तोंड लावताच दचकून मागे सरतात, दोहनाच्या वेळी अस्वस्थ होतात, पान्हा चोरतात, अशी लक्षणे सर्व गोठ्यात एकदम दिसू लागली तर आजाराबरोबर विजेच्या गळतीचाही संशय घ्यावा.

गोठ्याचे सर्किट घरापासून वेगळे असावे व त्यास स्वतंत्र आरसीसीबी असावे. स्विच गुरांच्या तोंडास व शिंगांस लागणार नाहीत अशा उंचीवर, शक्यतो गोठ्याबाहेर ठेवावेत. दिवे पाणी न शिरणाऱ्या आवरणाचे घ्यावेत. पंपाचे कवच, लोखंडी खांब, दावणीचे नळ हे सर्व अर्थच्या तारेने एकमेकांस जोडावेत. गोठा धुताना पंपाची वायर पाण्यात लोळत ठेवू नये.

तारतंत्र्याची निवड

दिवा, पंखा वा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता विजेचे तारकाम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व परवाना असलेल्या तारतंत्र्याच्या हातून झाले पाहिजे, अशी अट १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आजच्या सुरक्षाविषयक विनियमांतही ती कायम आहे. महाराष्ट्रात हे परवाने राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून दिले जातात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री व तारतंत्री हे दोन्ही अभ्यासक्रम शिकविले जातात. परंतु अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र व काम करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

कारागीर ठरविताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. परवान्याची मूळ प्रत मागावी. त्यावरील नाव, छायाचित्र व मुदत तपासावी. चांगला कारागीर या मागणीने रागावत नाही.
२. घर पाहिल्यावाचून दर सांगणाऱ्यास काम देऊ नये. माळ्यावर चढून, बोर्ड उघडून जो पाहणी करतो, त्याचाच अंदाज विश्वसनीय असतो.
३. अंदाजपत्रक लेखी घ्यावे. पॉइंटची संख्या, तारेची जाडी व लांबी, मालाचे नाव, अर्थिंग, आरसीसीबी, मजुरी व चाचणी या बाबी त्यात वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात.
४. शक्य असल्यास दोन-तीन अंदाजपत्रके मागवावीत, पण तुलना केवळ एकूण रकमेची करू नये. ज्याची रक्कम कमी, त्याने अर्थिंग गाळले आहे काय, किंवा बारीक तार धरली आहे काय, हे पाहावे.
५. ‘काम झाल्यावर मेगरने तपासणार काय?’ असा प्रश्न अवश्य विचारावा. मेगर म्हणजे काय, हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हाती घर सोपवू नये.
६. त्याने पूर्वी केलेले एखादे काम पाहावे व त्या घरच्या मंडळींशी बोलावे.
७. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत व अखेरचा हप्ता चाचणी अहवाल हाती आल्यावरच द्यावा.

मेन बंद न करता चालू विजेवर काम करणारा, फ्यूजमध्ये जाड तार घालून देणारा, आरसीसीबी ‘त्रास देते’ म्हणून काढण्याचा सल्ला देणारा, किंवा नळास अर्थ बांधणारा कारागीर कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो. ओळखीचा मुलगा, भावकीतला माणूस, शेजारच्या बांधकामावरचा मजूर यांस भिडेखातर काम देण्याची पद्धत गावोगावी आहे. अशा मुलास या कामाची आवड असेल, तर त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पाठवून परवाना मिळविण्यास साहाय्य करावे. त्यात त्याचेही कल्याण आहे आणि गावाचेही.

काम पूर्ण झाल्यावर

मेगर यंत्राने ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन तारा व जमीन यांमधील आवरणाचा रोध मोजतात. तो किमान एक मेगओहम भरला पाहिजे. ही मोजणी मालकाने समक्ष उभे राहून पाहावी. नंतर प्रत्येक सॉकेटचे अर्थ तपासून घ्यावे आणि आरसीसीबीचे बटन दाबून पाहावे. चाचणी अहवालाची सही केलेली प्रत, बिले आणि तारा कोठून कोठे गेल्या आहेत याचा साधा नकाशा घरातील कागदपत्रांत जपून ठेवावा. पुढे भिंतीत खिळा ठोकताना हा नकाशा जीव वाचवील.

घरात पाणी शिरल्यास

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांतील तळमजल्यांची हजारो घरे पाण्याखाली गेली, मीटर व बोर्ड बुडाले, आणि त्या आपत्तीत विजेच्या धक्क्यानेही माणसे दगावली. या प्रसंगावरून घ्यावयाचा धडा असा की सखल भागातील घरांत मीटर, मेन स्विच व सॉकेट पूर्वीच्या पुराच्या रेषेहून उंच बसवावेत. पाणी चढू लागताच, जमीन कोरडी असतानाच मेन बंद करावा. मेनपर्यंत पाण्यातून जावे लागत असेल तर तेथे जाऊ नये, वीज कंपनीस कळवावे. पाणी ओसरल्यावर बोर्ड वरून कोरडा दिसला तरी नळ्यांत ओल राहते. मेगरने तपासल्याशिवाय वीज पुन्हा सुरू करू नये.

कोणास धक्का बसल्यास त्यास हात न लावता प्रथम वीज तोडावी. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी फळीवर उभे राहून कोरड्या काठीने त्यास तारेपासून दूर करावे. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्याचा उपचार तत्काळ सुरू करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस शेतीच्या कामानिमित्त घरोघर व गोठ्यागोठ्यांत जावे लागते. बियाणे व खते यांची चौकशी करीत असतानाच त्यांनी मेन बोर्डाकडेही एक दृष्टी टाकावी. पावसाळ्यापूर्वी, वैशाखाच्या अखेरीस, गावातील परवानाधारक तारतंत्र्यांची यादी करून ती सार्वजनिक ठिकाणी लावावी. दहा-पंधरा घरांनी मिळून एकाच वेळी मेगरची तपासणी करविली तर प्रत्येकावर खर्चाचा भार थोडाच पडतो. ज्या घरात भिंतीस वीज येते असे कळेल, तेथे त्याच दिवशी मेन बंद करण्यास सांगावे.

कौले शाकारणे, बांध दुरुस्त करणे, गोठ्यास मुरूम घालणे ही मृगापूर्वीची कामे शेतकरी कधी विसरत नाही. तारांची तपासणी हे त्याच यादीतील आणखी एक काम मानावे. पहिल्या सरीबरोबर घरात पाण्याचा थेंब येऊ नये याची जी काळजी आपण घेतो, तीच काळजी भिंतीत वीज उतरू नये यासाठीही घेतली पाहिजे.